बासरी पुसणार कोण?

अमर्त्य सेन यांच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस' (२००९) या पुस्तकात सुरुवातीलाच तीन मुलांची आणि एका बासरीची गोष्ट येते. बासरी एकच आहे आणि ती तिघांनाही हवी आहे. अ‍ॅन म्हणते, मला द्या, कारण आमच्या तिघांत वाजवता मला एकटीलाच येते. बॉब म्हणतो, मला द्या, कारण मी गरीब आहे, माझ्याकडे खेळायला दुसरं काहीच नाही. कार्ला म्हणते, कित्येक महिने खपून ही मी बनवली आणि पुरी झाल्याबरोबर हे दोघं ती मागायला आले.

सेन म्हणतात, तिघांच्याही बाजूने दमदार कारण आहे. वेगवेगळ्या विचारपरंपरा वेगवेगळ्या मुलाच्या हातात बासरी देतील आणि त्यातल्या कुणालाही सहज खोटं पाडता येणार नाही. न्यायाचं एकच एक उत्तर असतं असं धरून चालणाऱ्यांची ही गोष्ट पंचाईत करते.

मी बासरी शिकते. त्यामुळे गोष्ट वाचल्यावर माझं मन सिद्धांतांकडे जायच्या आधी एका बारक्या गोष्टीवर अडलं. समजा निकाल लागला. बासरी तिघांपैकी एकाला मिळाली, संध्याकाळभर वाजवून झाली. आता ती आतून ओली आहे. ती पुसणार कोण?

तिघांपैकी एकही जण म्हणत नाही, 'मला द्या, मी नीट सांभाळीन.' वाजवता येणं, गरज असणं, बनवलेली असणं ही हक्काची कारणं आहेत. सांभाळणं हक्कांच्या यादीत नाही आणि कर्तव्यांच्या यादीतही नाही. ते आपोआप होतं असं सगळ्यांनी धरलेलं आहे. मला वाटतं की या प्रश्नालाही नैतिक वजन आहे आणि त्याचं उत्तर, निदान सुरुवातीचं उत्तर, अगदी साधं आहे: जो फुंकतो त्याने पुसावं.

ज्यांनी बासरी कधी हातात घेतली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बासरी म्हणजे बांबूचं एक लांब पेर. आपला श्वास बाहेर येतो तेव्हा गरम आणि दमट असतो, बांबूची भिंत त्यामानाने थंड असते. म्हणून आत वाफ धरते, तिचे थेंब होतात आणि त्यात थोडी थुंकीही मिसळते. वाजवून झालं की काडीला मऊ सुती फडकं गुंडाळून आतून फिरवायचं, फुंकायच्या भोकाची कड टिपून घ्यायची आणि बासरी लगेच पिशवीत न कोंबता थोडा वेळ हवेवर ठेवायची. दोन मिनिटांचं काम आहे.

ते रोज टाळलं तर? बांबूत पिष्ट आणि साखर असते. ओल मिळाली की बुरशी धरते. लाकूड पोखरणारे बारके किडेही त्याच पिष्टासाठी येतात. बासरी ठेवल्या जागी पिठासारखा भुसा पडलेला दिसला की समजायचं, आत कुणीतरी राहायला आलं आहे. उलट बांबू फार कोरडा पडला तर तडकतो. त्याचे तंतू लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे चीर उभी जाते. म्हणून तर बासरीवर जागोजागी दोरा घट्ट गुंडाळलेला असतो. कोरड्या दिवसांत अधूनमधून तेलाचा हलका हात द्यायचा. कुणी मोहरीचं वापरतं, कुणी बदामाचं, कुणी जवसाचं.

मी बोईसरला राहते आणि रविवारी क्लासला पालघरला जाते. मधलं उमरोळी गेलं की उतरायचंच. आमच्या या पट्ट्यात जून ते सप्टेंबर भिंतींनाही घाम येतो. समुद्र जवळ, हवा खारट आणि जड. तेव्हा बासरीला तेल कमी आणि हवा जास्त लागते. डिसेंबर-जानेवारीत कोरडं वारं सुटलं की हिशोब उलटा होतो. मी एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करते. एसीतली बासरी बाहेर मेच्या उन्हात आली तर तिला तो धक्का सोसत नाही. सांगायचं हे की निगा म्हणजे पाठ केलेला नियम नव्हे. ऋतू बघावा लागतो, हातातली वस्तू बघावी लागते. दोन बासऱ्या शेजारी ठेवल्या तरी त्यांना एकच वागणूक चालत नाही.

लॅबमधली माझी मैत्रीण हे ऐकून म्हणाली, "अगं, शिकाऊ बासरी ती. खराब झाली तर दुसरी घे. यात नैतिक काय आलं?"

तिचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. बासरीला वेदना होत नाहीत. माझ्या पैशाने घेतलेली वस्तू मी नासवली तर बुडलं ते माझं. फार तर मला आळशी म्हणा, वाईट का म्हणता?

यावरचं पहिलं उत्तर वैद्यकाच्या पुस्तकात सापडतं. २०१६ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात इंग्लंडमधल्या एका माणसाची हकीकत छापून आली. तो रोज बॅगपाइप वाजवायचा. त्याला फुप्फुसांचा आजार जडला, श्वास पुरेनासा झाला आणि शेवटी तो दगावला. मधे एकदा तो तीन महिने ऑस्ट्रेलियात होता, वाद्य घरीच राहिलं होतं, आणि तेवढ्या काळात त्याला बरं वाटलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या बॅगपाइपच्या आतले नमुने तपासले तेव्हा तिथे नाना प्रकारच्या बुरश्या निघाल्या. आपणच फुंकलेली ओल आत साठली, तिच्यावर काहीतरी वाढलं आणि तेच पुन्हा श्वासातून आत गेलं, असं डॉक्टरांचं अनुमान होतं.

पण हे उत्तर मला पुरत नाही. ते फक्त सांगतं की पुसण्यात तुझाच फायदा आहे. फायद्यासाठी केलेली गोष्ट शहाणपणाची असेल, तेवढ्याने ती नैतिक होत नाही. खरा प्रश्न सुरू होतो तो ओल माझी आणि फडकं दुसऱ्याच्या हातात, अशी वेळ येते तेव्हा.

आमच्या क्लासमध्ये हे डोळ्यांसमोर घडायचं. लहान मुलं वाजवायची आणि वाजवून झालं की बासरी आईकडे द्यायची. आई पुसायची, पिशवीत घालायची, पिशवी खांद्याला लावायची. तेवढ्यात मूल बाहेर पळालेलं असायचं. एका रविवारी सरांनी नियम केला. "आपली थुंकी आपणच पुसायची रे. आईने पुसलेली बासरी मी तपासणार नाही." एका आईने म्हटलं, "सर, लहान आहे हो तो." सर म्हणाले, "ताई, राग वाजवायला लहान नाही ना? मग फडकं फिरवायलाही नाही."

तेव्हा मला हा शिस्तीचा भाग वाटला होता. आता वाटतं, सर त्या मुलांना एका फार जुन्या सवयीपासून वाचवत होते.

ती सवय किती जुनी आहे ते बघा. बासरी कुणाला द्यावी हा प्रश्न सेन यांच्याही आधी ॲरिस्टॉटलने घेतला होता. 'पॉलिटिक्स'मध्ये तो म्हणतो की उत्तम बासऱ्या उत्तम कुळातल्यांना देऊन उपयोग नाही, त्या उत्तम वाजवणाऱ्यांना द्याव्यात. वाचायला बरं वाटतं. पण त्याच ग्रंथात त्याने आणखी एक तुलना केली आहे. राज्य करणारा हा बासरी वाजवणाऱ्यासारखा आणि ज्याच्यावर राज्य केलं जातं तो बासरी बनवणाऱ्यासारखा, अशी. वाजवणारा वर, बनवणारा खाली. पुसणाऱ्याचा तर उल्लेखच नाही.

गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलच्या डोळ्यांसमोर होतं ते वाद्य आपल्या बासरीसारखं नव्हतंच. त्याला अवलोस म्हणत. त्याला दोन नळ्या असायच्या आणि तोंडाशी जिभळ्या. या जिभळ्या नाजूक, सतत बदलाव्या लागणाऱ्या. वादक त्यांच्यासाठी वेगळी डबी बाळगायचे. ॲरिस्टॉटलच्या शिष्याने, थिओफ्रास्टसने, आपल्या वनस्पतींवरच्या ग्रंथात या वाद्यासाठी लागणारा वेत कुठल्या तळ्याकाठी उगवतो, कधी कापायचा आणि कसा मुरवायचा हे तपशिलाने लिहून ठेवलं. गुरूने बासरी कुणाची ते सांगितलं, शिष्याने ती कशी टिकते ते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आजही गुरूचंच वाक्य जास्त शिकवलं जातं.

आपल्याकडे ही उतरंड नुसती कल्पनेत राहिली नाही, ती जन्माला बांधली गेली. वाजवणं, गाणं, पूजा करणं हे प्रतिष्ठेचं. कातडं कमावणं, धुणं, झाडणं, मैला उचलणं हे ठरावीक घरांत जन्मलेल्यांच्या वाट्याचं. टी. एम. कृष्णा यांचं 'सॅबेस्टियन अँड सन्स' (२०२०) हे पुस्तक मृदंगम बनवणाऱ्या कारागिरांवर आहे. मैफलीत ज्याच्या नादावर माना डोलतात त्या वाद्याचं कातडं हाताळणाऱ्या, बहुतांशी दलित घरांतल्या माणसांना संगीताच्या इतिहासात जागा का नाही, असं ते विचारतात. आपल्या घरांतही याचीच छोटी आवृत्ती चालते. स्वयंपाकाचं कौतुक होतं, खरकट्याचं होत नाही. ज्याच्या हाती फडकं, त्याच्या हाती सहसा मालकी नसते.

म्हणून 'जो सांभाळतो त्याचीच बासरी' असं उत्तर मी देत नाही, जरी ते मोहक वाटतं. तसं असतं तर घरकामाला येणाऱ्या मावशी आपल्या सगळ्यांच्या घरांच्या मालकीण झाल्या असत्या. आणि हे उत्तर लगेच उलटंही फिरवता येतं: तू सांभाळतेस ना, मग तूच सांभाळत राहा. सेवेचं गोडवे गाऊन माणसाला जागच्या जागी ठेवता येतं. गुरूची वाद्यं शिष्याने सांभाळायची ही आपल्याकडची मोठी परंपरा आहे. तिच्यातून शिष्य खूप शिकतो, हेही खरं. पण शिकवणी संपल्यावरही जे काम त्याच्याकडेच राहतं, त्याला शिक्षण म्हणावं की फुकटची चाकरी, हे ज्याने त्याने प्रामाणिकपणे बघावं.

याला पूर्ण वेगळं उदाहरण शोधायला मला आमच्या जिल्ह्याबाहेर जावं लागलं नाही. तारपा तुम्ही पाहिला असेल, निदान चित्रात. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी वारली चित्र भिंतीवरून कागदावर आणलं, जगभर नेलं. त्यातला मधोमध तारपावाला आणि भोवती हात गुंफून नाचणाऱ्यांचं वेटोळं आज पिशव्यांवर, कपांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सगळीकडे आहे. चित्रातल्या तारप्याला निगा लागत नाही. खऱ्या तारप्याला लागते. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, आत जिभळ्या, टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. दोन नळ्या आणि जिभळ्या, म्हणजे नातं बघितलं तर अवलोसला माझ्या बासरीपेक्षा तारपा जवळचा. वाजवणारा नाकाने श्वास घेत गालातली हवा सोडत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही.

एका सहकारी मैत्रिणीच्या आजोबांकडे तारपा आहे. तो साफ कसा करता, असं मी त्यांना विचारलं. त्यांना प्रश्नच नीट कळेना. साफ करणं, दुरुस्त करणं आणि बनवणं ही त्यांच्याकडे वेगवेगळी कामं नव्हती. मेण उन्हाने मऊ होतं, ते पुन्हा दाबायचं. भोपळ्याला भेग गेली तर तिच्यावरही मेण लिंपायचं. भोपळा फुटलाच तर दुसरा लावायचा, आणि त्यासाठी मांडवावर वेल हवा. कर्ण्यासाठी ताड हवा. मेणासाठी मधमाशा हव्यात, मधमाशांसाठी रान हवं. तारपा सांभाळायचा म्हणजे हे सगळं सांभाळायचं. या जव्हार भागातल्याच वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांचं नाव तारपावादनासाठी २०२६च्या पद्मश्रीच्या यादीत आलं तेव्हा आम्हाला सगळ्यांना आनंद झाला. पण पुरस्कार वादकाला देता येतो, वेलाला आणि रानाला कसा देणार? ते काम आपल्यालाच करायला लागतं.

तारप्याच्या बाबतीत फुंकणारा, बनवणारा आणि निगा राखणारा बहुधा एकच माणूस असतो. म्हणून ओल कुठे जाते हे त्याला माहीत असतं. मी जिथे काम करते त्या जगात मात्र हे तिघं एकमेकांपासून कितीतरी मैल लांब असतात.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं. देशातलं पहिलं. तिथली वीज तारांवरून दूरदूर गेली. पण वापरलेलं इंधन तारांवरून जात नाही. ते आधी वर्षानुवर्षं पाण्याखाली थंड करावं लागतं. त्यावर प्रक्रिया झाल्यावर उरणारा सर्वांत तीव्र कचरा काचेत गोठवून ठेवतात, आणि तारापूरला ती सोय आहे. हे काम तिथली माणसं काळजीने करतात. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या दिव्याखाली कुणीतरी एका रात्री अभ्यास केला, त्या दिव्याची राख त्याच्या पणतवंडांच्या पणतवंडांना राखत बसावी लागणार आहे. वापरण्याचा काळ छोटा, सांभाळण्याचा काळ प्रचंड. आणि सांभाळणाऱ्यांपैकी बहुतेक जण अजून जन्मलेलेही नाहीत, त्यामुळे वाटणीच्या वेळी त्यांचं मत कुणी विचारलेलं नाही.

शेजारच्या औद्योगिक वसाहतीचंही तसंच. इथे तयार होणारी औषधं, रंग, रसायनं देशभर जातात. सांडपाणी मात्र इथल्याच खाडीकडे आणि समुद्राकडे जातं. इथल्या मच्छीमारांच्या मांगेला समाजाची संघटना त्याविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली आणि जानेवारी २०२२ मध्ये लवादाने भरपाईचा आदेश दिला. कायद्याची लढाई कशी संपते हा या लेखाचा विषय नाही. मला त्या तक्रारीतला साधा प्रश्न ओळखीचा वाटतो: फुंकलं कुणी, आणि पुसतंय कोण? मीही याच वसाहतीत पगार घेते, तेव्हा तो प्रश्न मलाही लागू आहे. तापाची गोळी घेणाऱ्या कुणालाही तो लागू आहे.

यावर गंभीर आक्षेप येतो आणि तो घ्यायला हवा. प्रत्येकाने आपापलं पुसायचं म्हटलं तर शहर कसं चालेल? मी माझं गटार साफ करू शकत नाही, माझ्या गोळीचं सांडपाणी मी गाळू शकत नाही. आजारी माणूस, तान्हं मूल, थकलेली आजी यांची ओल दुसऱ्यानेच पुसायची असते, आणि त्यात कमीपणा नाही, माया आहे.

मान्य. म्हणून मी 'सुरुवातीचं उत्तर' म्हटलं. फडकं दुसऱ्याच्या हातात देता येतं. पण देताना तीन गोष्टी आपल्याकडे राहतात असं मला वाटतं. पहिली, आपली ओल कुठे जाते हे माहीत असणं. दुसरी, ज्याच्या हातात फडकं आहे तो ते स्वतःच्या मर्जीने, पुऱ्या मोबदल्यावर आणि जीव धोक्यात न घालता धरून आहे का, हे बघणं. हाताने मैला साफ करायला लावण्याविरुद्ध २०१३चा कायदा आहे, तरी गटारात उतरून गुदमरलेल्या माणसांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत. म्हणजे ही दुसरी अट आपण अजून पाळलेली नाही. आणि तिसरी, उद्या ते काम आपल्यावर आलं तर ते करायला लाज वाटू नये. ज्या कामाची आपल्याला किळस आहे पण ज्याच्याशिवाय आपलं चालत नाही, ते करणाऱ्याला आपण मनातून बरोबरीचा मानत नसतो. घरी बसून स्वतःची थुंकी पुसायची सवय या तिसऱ्या अटीसाठी फार उपयोगी आहे. तिने समाज बदलत नाही. पण पुसणं हे खालचं काम आहे, हा समज निदान एका हातातून जातो.

आणि त्या सवयीत एक आनंदही आहे, तो सांगितला नाही तर लेख उगाच कडवट होईल. पुसताना बासरी कळते. कुठलं भोक किंचित झिजलंय, कुठला दोरा सैल झालाय, कुठल्या जागी बांबूचा रंग माझ्या अंगठ्याने गडद झालाय. वाजवताना लक्ष सुरात असतं, वस्तूकडे जात नाही. वस्तूची ओळख नंतरच्या दोन मिनिटांत होते.

सेन यांच्या तिघांत निकाल द्यायची वेळ माझ्यावर आली तर मलाही तो देता येणार नाही. अ‍ॅन, बॉब, कार्ला, तिघांचंही पटतं. मी फक्त बासरीसोबत एक काडी आणि एक सुती फडकं ठेवेन. आमच्या क्लासमध्ये जुने विद्यार्थी मोठी बासरी घेतात तेव्हा आपली छोटी बासरी नव्याने आलेल्याला देतात, आणि सरांच्या सांगण्यावरून फडकंही देतात. धुतलेलं असतं, तरी त्यावर तेलाचे जुने डाग दिसतात. नवीन मूल ते बघून आधी नाक मुरडतं. मग पहिल्या दिवशीचा बेसूर 'सा' वाजवून झाला की मुकाट्याने काडीला गुंडाळायला लागतं.